निर्वेध आणि निजोखमी

(नारायण पेठेत झालेल्या महिला मंडळांच्या सभेतील भाषणाचे शब्दांकन)



घर विकणं हा आज आपला विषय आहे. घर घ्यायचं म्हटलं की आपण बायका हौसेनं बोलतो. ओटा कुठं असावा, कपाटं किती हवीत, देव कुठल्या भिंतीला ठेवायचे. विकायची बोलणी मात्र बाहेरच्या खोलीत होतात आणि आपण आतून चहा पाठवतो. आज चहा कुणी करायचा नाही. सगळ्यांनी बसून ऐकायचं आणि मध्येच अडवून विचारायचं.

रविवारच्या वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिराती चाळून बघा. त्यात एखादी तरी अशी सापडतेच: "नारायण पेठेत नदीजवळ, दोन कुटुंबांस योग्य, दुमजली स्वतंत्र घर विकणे आहे. बालगंधर्व, डेक्कन पायी अंतरावर. टायटल क्लिअर." मग काही दिवसांनी आतल्या पानावर बारीक अक्षरात वकिलांची जाहीर नोटीस येते. "तमाम लोकांस कळविण्यात येते की" अशी तिची सुरुवात. पुढं मिळकतीचं वर्णन, चतुःसीमा, आणि मग दोन ठरलेले शब्द: सदर मिळकत निर्वेध आणि निजोखमी आहे. कुणाचा हक्क असेल तर इतक्या दिवसांत कागदपत्रांसह कळवावं, नाहीतर हक्क सोडून दिला असं समजलं जाईल.

हे दोन शब्द मी गेली दोन वर्षं मनात घोळवते आहे. निर्वेध म्हणजे कुणाची आडकाठी नसलेली. निजोखमी म्हणजे घेणाऱ्याला धोका नसलेली. आता ही आडकाठी कोण असते? कर्ज, गहाण, कोर्टातला दावा हे असतंच. पण आपल्या पेठांतल्या जुन्या घरांचे कागद उलगडले, की आडकाठी म्हणून बहुतेक वेळा एक बाई निघते. लग्न होऊन गेलेली मुलगी. दिराबरोबर राहणारी विधवा भावजय. खालच्या मजल्यावरची भाडेकरू म्हातारी. घर निर्वेध करायचं म्हणजे या बायकांच्या सह्या घ्यायच्या आणि त्यांना कागदावरून उतरवायचं. मला बोलायचंय ते याबद्दल.

किंमत कशाची?

आधी थोडं या घरांविषयी. दोन बिऱ्हाडांचं घर ही आपल्याकडची जुनी रीत. वर मालक, खाली भाडेकरू. किंवा वर थोरला भाऊ, खाली धाकटा. जिना एक, नळ एक, अंगण एक. नारायण आणि शनिवार पेठेतल्या नदीकडे उतरणाऱ्या बोळांत अशी घरं अजून थोडी शिल्लक आहेत.

जाहिरातीत या भागाला हल्ली "सांस्कृतिक परिसर" म्हणतात. खोटं नाही ते. शनिवार पेठेत विनायकबुवा पटवर्धनांनी १९३२ साली सुरू केलेलं गांधर्व महाविद्यालय आहे, सदाशिव पेठेत भरत नाट्य मंदिर आहे, पूल ओलांडला की १९६८ साली उघडलेलं बालगंधर्व रंगमंदिर. काठावर ओंकारेश्वर. तालमीला येणारी मुलं, पेटी-तबल्याच्या शिकवण्या, नाटक सुटल्यावर पायी घरी जाणारी माणसं, हे सगळं मी लहानपणापासून पाहिलंय. पण या मुलांना जेवू कोण घालत होतं? सांगली, सातारा, कोकणातून शिकायला आलेल्या मुलांच्या खानावळी वाड्यावाड्यांतून बायका चालवत होत्या. भाड्याच्या एका खोलीत स्टोव्हवर सकाळ-संध्याकाळ पोळ्या लाटून त्यांनी स्वतःची मुलं शिकवली. परिसर सांस्कृतिक झाला त्यात त्यांचाही हात आहे. जाहिरातीत तो दिसत नाही आणि खरेदीखतात तर नाहीच नाही.

नदीचंही तसंच. ६ मार्च २०२२ ला नदीकाठ सुधारणेच्या प्रकल्पाचं भूमिपूजन झालं, तेव्हापासून "नदीकाठ" या शब्दाला भाव आलाय. पण आमच्या पिढीला नदीकाठ म्हटलं की १२ जुलै १९६१ आठवतो. पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासला गेलं आणि दुपारपर्यंत पेठांतून पाणी फिरलं. मी सहा वर्षांची होते. आई आणि खालच्या बिऱ्हाडातल्या आजी आम्हा पोरांना घेऊन गावाच्या उंच भागाकडे चालत सुटल्या, एवढं मला आठवतं. पाणी ओसरल्यावर दोन्ही बिऱ्हाडांच्या बायकांनी मिळून कित्येक दिवस चिखल उपसला. नदीकडची भिंत ढासळली होती. ती पुन्हा बांधायला आईनं पाटल्या मोडल्या. भिंत अजून उभी आहे.

आमच्या घराचा हिशेब

आता आमच्याच घराचा हिशेब मांडते, कारण आकडे समोर असले की कायदा कळतो. घर वडिलांनी १९५७ साली स्वतःच्या पगारातून घेतलेलं. वडील १९८८ साली गेले. मृत्युपत्र नव्हतं. मागं आई, भाऊ, मी आणि धाकटी बहीण.

हिंदू वारसा कायदा १९५६ चा. पुरुष मृत्युपत्र न करता गेला, तर त्याच्या स्वकष्टार्जित मिळकतीत बायको, आई, मुलगे आणि मुली यांना सारखा वाटा. मुलीचं लग्न झालेलं असो वा नसो. म्हणजे आम्ही चौघं, प्रत्येकाला चार आणे. आई २०११ साली गेली. तिचे चार आणे आम्हा तीन भावंडांत वाटले गेले. म्हणजे आज प्रत्येकाचा एक तृतीयांश. हिशेब इतका सोपा आहे.

पण वडील गेल्यावर वारस लावताना कचेरीत विचारलं गेलं, "मुलगे किती?" एक, असं उत्तर गेलं आणि मालमत्ता पत्रकावर एकच नाव लागलं, भावाचं. आई जिवंत होती, तिचंही नाव नाही! हे एकट्या आमच्या घरात झालं असं समजू नका. आमच्या सल्ला केंद्रात येणाऱ्या बायकांना मी पहिला प्रश्न विचारते, "पत्रकावर नाव कुणाचं?" आणि बहुतेक जणींनी ते पत्रक पाहिलेलंच नसतं.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. मालमत्ता पत्रकावर नाव नाही म्हणून हक्क जात नाही. ती नोंद असते, मालकीचा निवाडा नसतो. वीजबिलावर किंवा महापालिकेच्या कराच्या पावतीवर कुणाचं नाव आहे त्यानंही मालकी ठरत नाही. भाऊ एकटा विकायला निघाला तर फार तर स्वतःचा हिस्सा विकू शकतो. हे घेणाऱ्याला माहीत असतं, त्याच्या वकिलाला माहीत असतं, कर्ज देणाऱ्या बँकेला माहीत असतं. माहीत नसतं ते आपल्याला. तुमच्या सहीला किंमत आहे, म्हणून तर ती मागायला लोक मिठाई घेऊन दारात येतात.

कायदा कसा सरकत आला

वडिलोपार्जित मिळकतीचा मार्ग जास्त वळणांचा होता. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलगा जन्मानं हिस्सेदार, मुलगी नाही. महाराष्ट्रानं २२ जून १९९४ पासून मुलीलाही हा हक्क दिला, पण त्या तारखेआधी लग्न झालेल्या मुलींना वगळून. म्हणजे एकाच घरातल्या दोन बहिणी, मे महिन्यात बोहल्यावर चढलेली बाहेर आणि डिसेंबरात चढलेली आत. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राच्या दुरुस्तीनं हा भेद पुसला. विवाहित मुलगीही मुलाइतकीच हिस्सेदार झाली. त्यानंतरही "वडील त्या तारखेला जिवंत होते का?" यावर कोर्टात वर्षानुवर्षं खल चालला. ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की हक्क जन्मानं आहे, वडील त्या दिवशी हयात असण्याची अट नाही. मात्र २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर झालेल्या वाटण्या आणि विक्री यांना हात लागत नाही. "वाटणी तोंडी झाली होती हो" असं कुणी म्हणालं, तर नुसतं म्हणणं पुरत नाही, सरकारी कागदांत त्याचा पुरावा लागतो.

राहत्या घराला तर आणखी एक कुलूप होतं. १९५६ च्या कायद्यातलं तेविसावं कलम. घर संपूर्णपणे कुटुंबाच्या वापरात असेल, तर पुरुष वारस वाटणी करायला तयार होईपर्यंत मुलीनं वाटणी मागायची नाही. तिला राहायचा हक्क, पण तोसुद्धा अविवाहित, विधवा, नवऱ्यानं टाकलेली किंवा नवऱ्यापासून वेगळी राहणारी असेल तरच. २००५ साली हे कलम गेलं. आमच्या घराला ते कधीच लागू नव्हतं, कारण खाली भाडेकरू होते. खालच्या बिऱ्हाडानं आम्हा बहिणींचा हक्क असा नकळत राखला होता, आणि हे मला वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी कळलं.

हे सगळं हिंदू, बौद्ध, जैन, शीख कुटुंबांपुरतं. मुस्लिम कायद्यात मुलीचा वाटा ठरलेला आहे, मुलाच्या निम्मा. पण ठरलेला असूनही तो हातात पडत नाही हे आपल्या मुस्लिम मैत्रिणी सांगतात. ख्रिस्ती कुटुंबांत १९२५ च्या कायद्यानं मुलगा-मुलगी समान. कायदे वेगळे आहेत, सही मागण्याची पद्धत एकच आहे.

खालचं बिऱ्हाड

आमच्या खालच्या बिऱ्हाडात आज ऐंशीच्या घरातल्या काकू राहतात. लग्न होऊन आल्या तेव्हापासून त्याच दोन खोल्यांत. काका २००३ साली गेले. भाडेपावती अजून काकांच्याच नावानं. दोन्ही मुलं लांब, स्वतःच्या फ्लॅटमध्ये. घर विकायचं ठरलं तेव्हा खरेदीदाराचा माणूस बोलणी करायला त्या मुलांकडे गेला. काकूंना विचारायचं कुणाला सुचलं नाही.

१९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू आहे. भाडेकरू वारला, तर त्याच्या मृत्यूच्या वेळी त्याच्याबरोबर त्या घरात राहणारी कुटुंबातली व्यक्ती भाडेकरू ठरते. मुलं तेव्हा तिथं राहतच नव्हती. म्हणजे भाडेकरू काकू. आणि घर विकलं म्हणून भाडेदारी संपत नाही, नवा मालक जुन्या मालकाच्या जागी येतो एवढंच. दोन लाख घेऊन खोल्या खाली करून द्यायच्या असं मुलांनी जवळजवळ ठरवलं होतं. काकूंना ते त्यांच्या सुनेकडून कळलं.

आता इथं प्रश्न अवघड होतो, आणि तो टाळून चालणार नाही. मी मालकाची मुलगी. काकू भाडेकरू. त्यांनी खोल्या सोडल्या नाहीत तर घराची किंमत उतरते, म्हणजे माझ्या एक तृतीयांशाचीही उतरते. भाऊ मला म्हणाला, "तुला वाटा हवा आणि काकूही हव्यात, दोन्ही कसं जमेल?" प्रश्न रास्त होता. पण मी ज्या न्यायानं माझा हिस्सा मागते, त्याच न्यायानं त्यांची जागा त्यांची आहे. घर विकायची गरज भावाचीही खरी आहे. त्याला जिना चढवत नाही, मुलं परदेशी, दरवर्षी कौलांचा खर्च. मी "विकू नका" म्हटलेलं नाही. सगळ्यांना मोजून विका, एवढंच म्हटलं.

आणि वहिनी? पंचेचाळीस वर्षं त्या घरात राबली. कायद्यानं नवरा हयात असताना तिचा त्या घरात मालकी हिस्सा नाही. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा सामायिक घरात राहण्याचा हक्क देतो, आणि ते घर सासू-सासऱ्यांच्या नावावर असलं तरी तो मागता येतो हे सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२० मध्ये मान्य केलं. पण तो निवाऱ्याचा हक्क आहे, मालकीचा नाही. घर विकून पैसे आले की ते नवऱ्याच्या खात्यात. म्हणून मी भावाला सांगितलं, तुझ्या वाट्यातून घेशील त्या फ्लॅटवर वहिनीचं नाव घाल. तो हसला. वहिनी हसली नाही.

"माहेर तुटेल"

मिळकत मागणाऱ्या मुलीला काय काय ऐकावं लागतं ते तुम्हाला माहीत आहे. "तुला काय कमी आहे?" "लग्नात खर्च केला तोच तुझा वाटा." "आईबाबांचं आम्ही केलं." यातलं शेवटचं मी गंभीरपणे घेते. आईचं शेवटचं दुखणं वहिनीनं काढलं. पण मग ते ऋण वहिनीचं आहे, तिच्या नावानं फेडा. लग्नाचा खर्च म्हणाल तर तो वाटा होत नाही. जेवणावळ उठली, मांडव उतरला, त्यातलं मुलीच्या हातात काय राहिलं? आणि भावाच्या लग्नाचा खर्च कुणी त्याच्या हिश्श्यातून कापल्याचं ऐकलंय?

खरी भीती असते ती माहेर तुटण्याची. साडीचोळीवर बोळवण करून घेणाऱ्या बायका भोळ्या नसतात. त्यांनी हिशेब केलेला असतो. उद्या नवऱ्यानं घराबाहेर काढलं तर भावाचं दार उघडं असावं, म्हणून त्या सही करतात. हिस्सा देऊन आसरा विकत घेतात. पण ज्या घराचं दार उघडं राहावं म्हणून सही करायची, ते घरच विकलं जाणार असेल तर?

माझ्या धाकट्या बहिणीनं हक्कसोडपत्र दिलं. तिच्या नवऱ्याच्या आजारपणात भावानं पैसा आणि धावपळ दोन्ही केलं होतं. तिनं मसुदा वाचला, आपला हिस्सा किती होतो हे विचारलं, रात्रभर विचार केला आणि मग सही केली. मी तिला दोष देत नाही. हक्क सोडणं हाही हक्कच आहे, फक्त काय सोडतोय ते माहीत असलं पाहिजे.

मी सही केली नाही. त्या वर्षी भाऊबीजेचं बोलावणं आलं नाही. ताट तयार करून मी वाट पाहिली, हे लपवत नाही. पुढच्या वर्षी वहिनीचा फोन आला, "ये, काकूपण वर येणार आहेत जेवायला." आज मसुद्यात माझा एक तृतीयांश लिहिलेला आहे. काकूंना नव्या इमारतीत त्यांच्या स्वतःच्या नावानं घर आणि बांधकाम होईपर्यंतचं भाडं लिहिलेलं आहे. नोंदणी अजून व्हायची आहे, म्हणून मी निर्धास्त नाही. भावाशी पूर्वीसारखं बोलणं होत नाही. तेवढी किंमत पडली.

आता करायचं काय?

एक. मालमत्ता पत्रक काढा. नगर भूमापन कार्यालयात मिळतं, सरकारच्या संकेतस्थळावरही मिळतं. गावाकडं जमीन असेल तर सातबारा. माहेरचं आणि सासरचं, दोन्ही.

दोन. आई किंवा वडील गेले असतील तर मृत्यूचा दाखला घेऊन सर्व वारसांची नोंद करायला लेखी अर्ज द्या. पोच घ्या.

तीन. सही मागितली तर विचारा, कागदाचं नाव काय? हक्कसोडपत्र, बक्षीसपत्र, कुलमुखत्यारपत्र या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. हक्कसोडपत्र नोंदवावं लागतं आणि एकदा नोंदवलं की ते मागं घेणं फार कठीण. "नुसती फॉर्मॅलिटी आहे" असं कुणी म्हणालं की पेन खाली ठेवा. मंगलकार्यात, दवाखान्यात, तेराव्याला सही करायची नाही. मसुदा घरी आणून आपल्या वकिलाला दाखवायचा.

चार. जाहीर नोटीस वाचा. मुदत टळली म्हणून हक्क आपोआप बुडत नाही. पण गप्पही बसू नका. नोटीस देणाऱ्या वकिलांना लेखी हरकत पाठवा.

पाच. वारसांपैकी कुणी आपला हिस्सा बाहेरच्याला विकत असेल, तर तो आधी विकत घेण्याचा अग्रहक्क कायद्याच्या बाविसाव्या कलमानं बरोबरच्या वारसांना आहे. बहिणीलाही आहे.

सहा. भाडेकरू असाल तर भाडेपावत्या, रेशनकार्ड, जुनी वीजबिलं जपून ठेवा. पावती आपल्या नावानं मागा. तडजोडीत फक्त पैसे घेऊन जागा सोडू नका, जे ठरेल ते नोंदवलेल्या करारात येऊ द्या.

सात. पैशातून नवीन घर घेताना नाव कुणाचं हे आधी ठरवा. १ एप्रिल २०२१ पासून महाराष्ट्रात फक्त बाईच्या किंवा बायकांच्या नावानं घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. आणि नदीजवळ घेत असाल तर पूररेषा पाहून घ्या. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत घरांत पाणी शिरलं, ते विसरू नका.

शेतकरी संघटनेनं १९९० च्या सुमारास लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेतला. गावोगावच्या शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीचा तुकडा बायकोच्या नावानं केला. खेड्यातल्या नवऱ्यांना जे जमलं ते पेठेतल्या भावांना जमू नये, असं काही नाही. पण त्यासाठी आधी आपण कागद हातात घ्यायला हवा. सगळ्या बायकांची नावं लिहून, प्रत्येकीला तिचं देऊन जे घर विकलं जाईल, ते खरं निर्वेध. घेणाऱ्यालाही जोखीम नाही ती त्यातच.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीनं एक मालमत्ता पत्रक आणायचं आहे. वाचता आलं नाही तरी चालेल, मिळून वाचू. आता विचारा, काय विचारायचं ते.